रोजचं शुभवर्तमान मठाच्या रीतीनं वाचायचं तर काय घ्यावं: मिस्सल, मनन-पुस्तिका, ॲप की साधं बायबल?

नाताळाआधीचा आगमनकाळ जवळ आला की वांद्र्यापासून वसईपर्यंतच्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानांत नव्या वर्षाचा माल लागतो. इंग्रजी मिस्सल (मिस्सेतल्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतल्या, वाचनांचं आणि प्रार्थनांचं पुस्तक), खिशात मावणाऱ्या मासिक पुस्तिका, रोजच्या वचनाखाली चार ओळी मनन छापलेल्या डायऱ्या, चेन लावलेल्या कव्हरातली बायबलं. शिवाय फोनवरची ॲप आहेतच. घेणाऱ्याची अपेक्षा एवढीच असते की रोजचं शुभवर्तमान मिस्सेत ऐकून सोडून न देता त्याच्यापाशी थोडं थांबता यावं. मठांतले व्रतस्थ हे काम दीड हजार वर्षं करत आले आहेत. लेक्सिओ दिविना या त्यांच्या रीतीच्या कसोटीवर ही सगळी साधनं इथे पारखली आहेत. कव्हर किती देखणं, खुणेची रिबीन किती लांब, याला इथे महत्त्व दिलेलं नाही.

निकाल आधीच सांगतो. मोठ्या टायपातलं साधं मराठी बायबल, पॅरिशचं भिंतीवरचं कॅलेंडर, एक शंभर पानी वही आणि पेन्सिल. एवढ्यात मठातली पूर्ण रीत बसते. मिस्सल चांगलं, पण दुसऱ्या क्रमांकावर. ॲप संदर्भ शोधायला उत्तम, वाचायला गैरसोयीचं. आणि बहुतेक जण आधी जी उचलतात ती मनन छापलेली पुस्तिका या कामाला सगळ्यांत कमी उपयोगी. हे शेवटचं विधान कठोर वाटेल, म्हणून त्याची कारणं नीट द्यायला हवीत.

मुळात मठात वाचन कसं होतं ते पाहू. संत बेनेडिक्ट यांनी इ.स. ५३०च्या सुमारास लिहिलेल्या नियमाचे ७३ अध्याय आहेत. त्यातल्या ४८व्या अध्यायात हातांचं काम आणि वाचन यांच्या वेळा लावून दिल्या आहेत. उन्हाळ्यात सकाळी काम, आणि सूर्योदयानंतरच्या चौथ्या तासापासून सहाव्यापर्यंत वाचन. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात प्रत्येकाला एक ग्रंथ मिळायचा आणि तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमानं वाचायचा. आवडेल ते पान उघडायची मुभा नव्हती. दुपारच्या विश्रांतीत कुणाला वाचायचं असेल तर शेजाऱ्याला त्रास होणार नाही असं वाचावं, अशीही सूचना आहे. म्हणजे वाचन ओठांनी, पुटपुटत व्हायचं. बाराव्या शतकात कार्थुसियन संघाच्या मूळ मठाचे प्रमुख दुसरे गिगो यांनी या वाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. त्यासाठी त्यांनी घेतलेलं उदाहरण म्हणजे मत्तय ५:८ हे एकच वचन, अंतःकरणानं शुद्ध असलेल्यांविषयीचं. एका ओळीवर ते पानंच्या पानं थांबतात. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१०च्या ‘वेर्बुम दोमिनी’ या पत्रात (परिच्छेद ८७) याच पायऱ्या सांगून शेवटी कृती जोडली आहे.

यातून साधनाकडून काय हवं ते स्पष्ट होतं. उतारा तोडलेला नसावा. मागचं-पुढचं पान उलटता यावं. ओठांनी वाचता येईल इतका टाइप मोठा हवा. वाचणारा स्वतः थांबेपर्यंत दुसऱ्या कुणी अर्थ सांगू नये. आणि सकाळी वेचलेलं वचन दिवसभर सोबत नेता यावं, कारण मठातल्या मननाला जुन्या काळापासून रवंथाची उपमा आहे: सकाळी खाल्लेलं दिवसभर पुन्हा पुन्हा चघळायचं.

आता एक उतारा घेऊन साधनं तपासू. मार्क ४:३५-४१, वादळाचा प्रसंग. सामान्यकाळाच्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांच्या) तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी आणि ‘ब’ वर्षाच्या (वर्षांचं चक्र पुढे सांगितलं आहे) बाराव्या रविवारी हा वाचला जातो. सावकाश वाचलं तर त्यात काय काय सापडतं बघा. संध्याकाळ झाली आहे. शिष्य येशूला ‘होता तसाच’ मचव्यात घेतात. बरोबर दुसरेही मचवे आहेत. येशू मचव्याच्या मागच्या बाजूला, उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. शिष्य त्याला उठवून जवळजवळ जाब विचारतात: आम्ही बुडतो आहोत, तुला काहीच वाटत नाही का? तो आधी वाऱ्याला आणि समुद्राला दटावतो, मग शिष्यांशी बोलतो. आणि गंमत अशी की वादळ शमल्यावर शिष्य फारच घाबरतात. तोवरच्या भीतीपेक्षा ही भीती वेगळी आहे. मत्तयाकडे (८:२३-२७) हाच प्रसंग आहे, पण तिथे उशी नाही, दुसरे मचवे नाहीत, आणि येशू आधी शिष्यांना बोलतो, वाऱ्याला नंतर दटावतो. वर्सोवा, खारदांडा, नायगाव, अर्नाळा इथल्या वाचकाला संध्याकाळी मचवा पाण्यात घालणं आणि नाळ-वरामाचा (मचव्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकांचा) फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण तोही घाईत वाचला तर उशीवरून आणि त्या दुसऱ्या मचव्यांवरून नजर सरकून जाते. त्या मचव्यांत कोण होतं? त्यांचं वादळही शमलं, त्यांनी मात्र काहीच मागितलं नव्हतं. मनन असं एखाद्या बारकाव्यापाशी सुरू होतं.

मनन-पुस्तिकेत हाच उतारा कसा येतो? बहुतेकींमध्ये वर संदर्भ, मग उताऱ्यातलं एखादं वाक्य, मग आठ-दहा ओळींत ‘आपल्या जीवनातल्या वादळांत प्रभू सोबत असतो’ या अर्थाचा मजकूर, खाली दोन ओळींची प्रार्थना. मजकूर चुकीचा नाही. लिहिणारे फादर किंवा सिस्टर मनापासून लिहितात. अडचण क्रमाची आहे. जागा वाचवायला उतारा गाळलेला असतो, त्यामुळे वाचक पहिली पायरी चढतच नाही. दुसरी पायरी दुसऱ्यानं त्याच्यासाठी चढून ठेवलेली असते. तिसरीवर छापील प्रार्थना तयार असते. वाचकाला करायला काही उरत नाही. सात-आठ मिनिटांत पान संपतं, बरं वाटतं, आणि दुपारी विचारलं तर आज कोणतं शुभवर्तमान होतं ते सांगता येत नाही. पुस्तिका घरात असेलच तर एकच उपाय करावा: खालच्या मननावर जाड कागदाची पट्टी ठेवायची, उतारा बायबलात वाचायचा, वहीत आपली ओळ लिहून झाली की मगच पट्टी काढायची. तेव्हा तेच मनन सोबत्याच्या बोलण्यासारखं उपयोगी पडतं. आजारी माणसाला, अर्धा तास बसणं न जमणाऱ्या म्हाताऱ्या आजी-आजोबांना किंवा नव्यानं सुरुवात करणाऱ्याला पुस्तिका जरूर द्यावी. पण वर्षभर हातात पुस्तिका असणाऱ्यानं दुसऱ्या वर्षी ती सोडून द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मिस्सल ही त्याहून फार वरची वस्तू. त्यात संपूर्ण वाचनं असतात आणि मुख्य म्हणजे क्रम असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९मध्ये वाचनांची नवी मांडणी आली आणि १९८१मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक. सालाला तीननं भागून बाकी शून्य आली तर ते ‘क’. म्हणून २०२५ ‘क’, २०२६ ‘अ’, २०२७ ‘ब’. हे वर्ष आदल्या आगमनकाळापासून धरायचं, १ जानेवारीपासून नाही. ‘ब’ वर्षी मार्क आखूड पडतो म्हणून सतराव्या ते एकविसाव्या रविवारी योहानाचा सहावा अध्याय, भाकरीचा, वाचतात. आठवड्यातल्या दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात फिरतं, विषम सालात एक आणि सम सालात दुसरं. शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. सामान्यकाळाच्या पहिल्या नऊ आठवड्यांत मार्क, दहा ते एकवीस मत्तय, बावीस ते चौतीस लूक.

हा क्रम ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं. मठातल्या ‘पहिल्यापासून शेवटपर्यंत’ या शिस्तीचं रोजच्या मिस्सेत उतरलेलं रूप हेच आहे. ते तुटतं कुठे, हेही माहीत हवं. प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मार्क मध्येच थांबतो आणि पेन्टेकॉस्टनंतर (ईस्टरनंतरच्या पवित्र आत्म्याच्या सणानंतर), तीन महिन्यांहून अधिक काळानं, पुढे सुरू होतो. कधी कधी एखादा आठवडा गळूनही जातो. मिस्सलमधून वाचणाऱ्याला ही तूट जाणवते पण भरून काढता येत नाही. बायबल वापरणारा मार्कमध्ये खूण ठेवून तेवढी पानं स्वतः वाचू शकतो.

मिस्सलची दुसरी मर्यादा म्हणजे कापलेले उतारे. काही रविवारी लांब आणि आखूड असे दोन पर्याय असतात. तेराव्या रविवारी (‘ब’ वर्ष) मार्क ५:२१-४३ आहे: याईराची मुलगी, आणि मध्येच बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई. आखूड पर्यायात ती बाई पूर्ण वगळली जाते. मग मुलगी बारा वर्षांची होती हा तपशील कोरडा पडतो, कारण त्याची जोडी निघून गेलेली असते. मननासाठी नेहमी लांब पर्याय घ्यावा. तसंच मिस्सलमध्ये उतारा ‘त्या वेळी’ असा सुरू होतो. वादळाच्या प्रसंगात तो दिवस कोणता, हे कळायला मार्क ४:१पर्यंत मागे जावं लागतं. दिवसभर येशू मचव्यातच बसून दाखले सांगत होता. ‘होता तसाच’ आणि उशीवरची गाढ झोप, दोन्ही तिथे उलगडतात.

इंग्रजी मिस्सल घेणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. भारतातल्या लॅटिन विधीच्या चर्चमध्ये २०२०च्या झावळ्यांच्या रविवारपासून इंग्रजी वाचनं इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनच्या कॅथलिक आवृत्तीतून होतात. त्याआधी छापलेल्या मिस्सलमधली भाषा वेदीवरून ऐकू येणाऱ्या भाषेशी जुळत नाही. इंग्लंड-वेल्सनं हीच आवृत्ती २०२४च्या आगमनकाळात घेतली, म्हणून तिथली त्यापूर्वीची मिस्सलंही जुळत नाहीत. फोर्टच्या पदपथावर किंवा चर्चच्या मेळ्यात स्वस्तात जुनं मिस्सल मिळालं तर आधी छपाईचं साल बघा. २०११च्या आधीचं असेल तर वाचनांबरोबर मिस्सेच्या प्रार्थनाही जुन्या भाषांतरातल्या असतात. मननापुरतं असं मिस्सल चालतं; मिस्सेत हातात धरून सोबत वाचायला चालत नाही.

ॲपविषयी थोडक्यात. युनिव्हर्सलिस आणि आयब्रेव्हिअरी या दोन्हींत रोजची वाचनं आणि प्रहरप्रार्थना (दिवसाच्या ठरलेल्या वेळांच्या प्रार्थना) एकत्र मिळतात, आणि मठातल्या दिवसाची घडण समजून घ्यायला ती खरोखर चांगली आहेत. (बेनेडिक्ट यांच्या नियमात दीडशे स्तोत्रं एका आठवड्यात पूर्ण होतात, आजच्या प्रहरप्रार्थनेत ती चार आठवड्यांवर पसरली आहेत.) दोन्हींत मराठी नाही. यूव्हर्जनमध्ये बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर फुकट आहे, पण त्यात मिस्सेचा क्रम नाही. संदर्भ दुसरीकडून घ्यावा लागतो.

ॲपमध्ये चूक होते ती पंचांगाची. ज्या ॲपमध्ये देश निवडता येतो तिथे भारत निवडला आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावं. आपल्याकडे प्रभूचं स्वर्गारोहण गुरुवारऐवजी रविवारी साजरं होतं. ३ डिसेंबरचा संत फ्रान्सिस झेवियर आणि ३ जुलैचा संत थॉमस हे भारतात मोठे सण आहेत. पंचांग परदेशी असेल तर अशा एखाद्या दिवशी ॲप एक शुभवर्तमान दाखवतं आणि चर्चमध्ये दुसरंच वाचलं जातं. दुसरी अडचण पडद्याची. पडद्यावर डोळा खाली सरकत राहतो, आणि या वाचनाला तर मागे परतावं लागतं. पडद्यावरच वाचणं भाग असेल तर फोन विमान मोडवर टाका, अक्षर सर्वांत मोठं करा, आणि सात-आठ ओळींहून जास्त पडद्यावर दिसणार नाही असं बघा. मध्येच आलेल्या सोसायटीच्या ग्रुपवरच्या एका संदेशानं अर्ध्या तासाची बैठक मोडते. ती त्या दिवशी पुन्हा जमत नाही. ध्वनिवाचनाचा उपयोग दुसऱ्या वेळेला करावा. सकाळी स्वतः वाचलेला उतारा संध्याकाळी गाडीत कानांवर पडला तर तो पक्का बसतो. मठातही जेवताना वाचन होतं, नियमाच्या ३८व्या अध्यायात त्यासाठी आठवड्याचा वाचक नेमायला सांगितलं आहे. पण ते वाचन वैयक्तिक वाचनाच्या जोडीला असतं, त्याच्या जागी नसतं.

आता बायबल. दुकानात उभ्या उभ्या करायची पारख अशी: मार्कचा चौथा अध्याय उघडा आणि हात पूर्ण लांब न करता, चष्मा असेल तर तो लावून, ओठ हलवत दहा ओळी वाचा. अडखळायला झालं तर टाइप बारीक आहे, ती प्रत ठेवून द्या. दोन स्तंभांत छापलेल्या प्रतीत ओळ दर चार-पाच शब्दांनी तुटते. एका स्तंभाची प्रत मिळाली तर तीच घ्यावी. कॅथलिक वापरासाठी ७३ पुस्तकांची प्रत हवी. ६६ पुस्तकांच्या (प्रोटेस्टंट) प्रतीत शुभवर्तमानं तीच असली तरी विषम सालात सातव्या-आठव्या आठवड्यातलं बेन सिराचं पुस्तक, नवव्या आठवड्यातलं तोबित, बत्तिसाव्यातलं ज्ञानग्रंथ आणि तेहतिसाव्यातली मक्काबी ही पहिली वाचनं तिच्यात सापडणार नाहीत. फक्त शुभवर्तमानावर मनन करायचं असेल तर ही अडचण नाही, आणि अशी प्रत बरीच स्वस्त पडते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ची भाषा आजची आणि ओघवती आहे, मोठ्यानं वाचायला ती फार छान लागते. जुन्या भाषांतराची भाषा जड आहे, पण ज्यांनी लहानपणापासून तीच ऐकली त्यांनी तीच ठेवावी, कारण पाठ असलेली ओळ दिवसभर आपोआप वर येते. जमलं तर दोन्ही ठेवा. रोज एकच वाचा. एखाद्या ओळीवर अडलात तरच दुसरी उघडा.

उताऱ्यावरचे मथळे ही छापील बायबलांची एक अडचण. ‘येशू वादळ शांत करतो’ असा मथळा शेवट आधीच सांगून टाकतो. मथळे मूळ ग्रंथात नाहीत, ते संपादकांनी घातले आहेत. बोटानं झाकून वाचायची सवय लावा.

मुंबईच्या हवेचाही विचार करावा लागतो. बायबलचा कागद साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्याच्या आसपास वजनाचा असतो. जुलैत तो दमट होऊन पानं एकमेकांना चिकटतात आणि जोरात उलटली तर फाटतात. प्लॅस्टिकच्या बंद कव्हरात ओल कोंडते, म्हणून पावसाळ्यात चेनवालं कव्हर काढून ठेवावं आणि पुस्तक भिंतीपासून दूर, शक्य तर लाकडी पेटीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवावं. जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते. फ्लोरोसंट मार्करही टाळा. रंगवलेली ओळ पुढच्या वर्षी डोळ्यांत आधी भरते आणि बाकीचा उतारा वाचूच देत नाही. शिसपेन्सिलीची बारीक रेघ आणि बाजूला तारीख पुरे.

प्रत्यक्ष बैठक अर्ध्या तासाची धरावी. आदल्या रात्री कॅलेंडरवर संदर्भ बघून खूण घालून ठेवा. सकाळी शोधाशोध नको. दोन मिनिटं गप्प बसून पवित्र आत्म्याला हाक. मग पहिलं वाचन, कुजबुजत, बोलण्याच्या निम्म्या वेगानं. दुसऱ्या वाचनात कोण, कुठे, कधी, कोणत्या क्रमानं एवढंच बघायचं. तिसऱ्यांदा वाचताना जो शब्द किंवा जी कृती पकडून ठेवते तिथे थांबायचं, पुढे जायचं नाही. इथवर दहा-बारा मिनिटं जातात. पुढची आठ-दहा मिनिटं त्या एका ठिकाणी. मग बोलणं, देवाशी, आपल्या घरच्या मराठीत. सामवेदी, वाडवळी, कोळी, जी असेल ती. शेवटची पाच मिनिटं काहीच न करता. उठताना वहीत तारीख, संदर्भ आणि एकच ओळ. दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तरी एकच. रात्री झोपण्यापूर्वी ती ओळ एकदा वाचायची.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, तिसऱ्या मिनिटालाच ‘यातून मी काय शिकायचं?’ हा प्रश्न पडतो. शाळेत लागलेली ही सवय आहे. धडा संपला की तात्पर्य. त्यानं उतारा तिथेच बंद होतो. त्याऐवजी ‘इथे काय घडतं आहे?’ हेच पुन्हा विचारावं. दुसरं, सणावारी येणारे कठीण उतारे. ८ सप्टेंबरला, मोतमाउलीच्या सणाला, मत्तय १:१-१६, १८-२३ असतं, म्हणजे वंशावळ. नुसती नावं म्हणून लोक ती टाळतात. तिथे पित्यांच्या रांगेत मध्येच आलेल्या बायकांपाशी थांबा: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, आणि शेवटी मरिया. त्यांच्या कथा जुन्या करारात जाऊन वाचायला आठवडा पुरतो, आणि वांद्र्याची जत्राही त्याच सुमारास असते.

तिसरं सगळ्यांत चिवट: काही दिवसांनी येणारा कंटाळा. इजिप्तच्या वाळवंटातले व्रतस्थ इव्हाग्रिउस (मृत्यू ३९९) यांनी त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. दिवस पन्नास तासांचा वाटतो, माणूस पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर बघतो, जागा बदलली तर बरं होईल असं त्याला वाटतं. आज याच टप्प्यावर माणूस नवी पुस्तिका घेतो किंवा नवं ॲप उतरवतो. साधन बदलून हा कंटाळा जात नाही. वेळ तीच, जागा तीच, पुस्तक तेच ठेवावं. हवं तर अर्ध्या तासाची वीस मिनिटं करावीत, पण बैठक चुकवू नये.

जागेचं म्हणाल तर वन रूम किचनच्या घरात सकाळचे साडेपाच हीच खरी वेळ. नळाला पाणी यायची वेळ तीच असेल तर पाणी भरून झाल्यावर. विरार लोकलमध्ये उभ्यानं पहिलं वाचन होत नाही, पण वेचलेली ओळ मनात घोळवायला तो प्रवास उत्तम. कामावर जाता-येता चर्चमध्ये बसणार असाल तर माहीमचा बुधवार आणि महिन्याचा पहिला शुक्रवार टाळा, गर्दी असते.

गटानं करायचं असेल तर आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांत दक्षिण आफ्रिकेच्या लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत चालते. तिच्यात आवडलेला शब्द नुसता मोठ्यानं उच्चारायचा असतो, त्यावर भाष्य नाही. आणि मग काही मिनिटं शांतता. आपल्याकडे ही शांतता हमखास कापली जाते, कुणीतरी गाणं सुरू करतं. समूहाच्या प्रमुखांनी घड्याळ लावून ती पाच मिनिटं पूर्ण होऊ द्यावीत. आणि गटातल्या प्रत्येकाकडे एकच भाषांतर असावं, नाहीतर उच्चारलेला शब्द शेजारच्याला त्याच्या पानावर सापडत नाही.

सुरुवात कधीही करता येते, पण नव्या माणसानं तीनपैकी एक सोमवार गाठावा: सामान्यकाळाचा पहिला आठवडा (मार्क १:१४पासून), दहावा (मत्तय ५, डोंगरावरचं प्रवचन) किंवा बाविसावा (लूक ४:१६, नाझरेथचं सभास्थान). यातल्या दहाव्या आठवड्याची शिफारस करतो. तिथून बारा आठवडे एकच शुभवर्तमान सलग चालतं, मध्ये प्रायश्चित्तकाळ येत नाही, आणि सण आडवा आला तरी दुसऱ्या दिवशी धागा परत हातात येतो. बायबल त्याआधी निदान आठवडाभर घरात आणून ठेवा, म्हणजे बारीक टाइपाची प्रत निघाली तर बदलून घ्यायला वेळ मिळेल.